स्मृतिभ्रंश शुभंकरांचा आधारगट चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमचा आधारगट दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता भरतो. माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया होता. त्या असताना मी गटात येऊन बसायचे, त्या गेल्यावर गट चालवायला लागले. आता नाशिकहून, सांगलीहून, डोंबिवलीहून फोन येतात, "ताई, आमच्याकडेही असा गट सुरू करायचाय, काय काय लागतं?" त्या फोनवर जे प्रश्न हमखास येतात ते आणि त्यांची मला सुचलेली उत्तरं इथे लिहून ठेवते आहे. गटातले प्रसंग सांगताना ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शुभंकर म्हणजे कोण?

आजारी माणसाची रोजची काळजी घेतो तो शुभंकर, आणि ज्याची काळजी घ्यायची तो शुभार्थी. मानसिक आरोग्याच्या कामात हे शब्द आपल्याकडे रुळले आहेत. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळातही, म्हणजे कंपवात असलेल्यांच्या गटातही, हेच शब्द चालतात. "पेशंटचे नातेवाईक" म्हटलं की तो माणूस दवाखान्याच्या बाकावर बसलेला दिसतो. शुभंकर म्हटलं की तो जे करतो आहे त्याला नाव मिळतं. पगारी मावशी, ब्युरोकडून आलेला मुलगा हेही शुभंकरच, पण इथे मी मुख्यतः घरच्या माणसांबद्दल बोलते आहे.

म्हातारपणी विसरायला होतंच. त्यासाठी गट कशाला?

हे वाक्य गटात येणाऱ्या प्रत्येकानं घरच्यांकडून ऐकलेलं असतं. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो ते विसरणं वेगळं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे अंदाजे 88 लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त आहे. या प्रत्येकामागे घरात निदान एक जण तरी असा आहे ज्याची झोप मोडलेली आहे. आजार वर्षानुवर्षं चालतो. येणारा-जाणारा प्रत्येक जण "आई कशा आहेत?" विचारतो. सुनेला "तू कशी आहेस?" असं विचारणारं कुणी नसतं. गट त्या सुनेसाठी आहे. गट चालवताना कुठलाही पेच पडला की मी स्वतःला एवढंच विचारते, यातून समोर बसलेल्या शुभंकराला काय मिळेल? बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. मला गट चालवता येईल का?

येईल. शेजारच्या गोव्यातलं उदाहरण मी नेहमी सांगते. तिथे 81 कुटुंबांबरोबर एक अभ्यास झाला आणि तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्या स्मृतिभ्रंश असलेल्या माणसांच्या घरी जायच्या. आजाराची माहिती द्यायच्या, त्रासदायक वागणं कसं हाताळायचं ते दाखवायच्या आणि मुख्य म्हणजे घरच्यांचं ऐकून घ्यायच्या. काळजी घेणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्यानं कमी झाला. त्या कार्यकर्त्यांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ होते, हेही तितकंच महत्त्वाचं.

म्हणून गट सुरू करण्याआधी दोन फोन नंबर मिळवा. एक डॉक्टरांचा आणि एक समुपदेशकाचा. त्यांनी बैठकीला यायची गरज नाही, पण "आज गटात असं असं झालं, मी काय करू?" असं विचारलं तर त्या दोघांनी उत्तर द्यायला हवं. हे नंबर मिळेपर्यंत पहिली बैठक पुढे ढकला.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या 406 जणांचा दीर्घ काळ अभ्यास केला होता. त्यांना समुपदेशन, गरज पडेल तेव्हा फोनवर बोलण्याची सोय आणि आधारगट असं सगळं मिळालं, तेव्हा जोडीदाराला नर्सिंग होममध्ये (तिकडे म्हणजे कायमचं राहायची, काळजी घेणारी संस्था) हलवण्याची वेळ सरासरी दीड वर्षानं पुढे गेली. तिकडची कुटुंबं, तिकडच्या सोयी वेगळ्या, हे मान्य. तरी "नुसत्या गप्पा मारून काय होतं?" असं कुणी म्हणालं तर हे सांगता येतं.

माझी आई अजून आजारी आहे. आता सुरू करू की थांबू?

एकटीनं करू नका. दोघी किंवा तिघी मिळून करा, म्हणजे आईला ताप आला तरी बैठक मोडत नाही. घरात आजार चालू असलेल्या माणसाला गटातली माणसं लगेच आपलं मानतात, ही मोठी गोष्ट आहे. पण ज्या दिवशी तुम्हालाच बोलायचं असेल त्या दिवशी गट दुसऱ्या कुणाला चालवायला द्या आणि तुम्ही इतरांसारख्या गोलात बसा. एकाच बैठकीत दोन्ही जमत नाही.

जागा कशी हवी? वेळ कोणती? माणसं किती?

तळमजला हवा, नाहीतर लिफ्ट. दार लावता आलं पाहिजे. ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल, महापालिकेचं विरंगुळा केंद्र, वाचनालयाची मागची खोली, असं काहीही चालतं. कुणाच्या घरी मात्र शक्यतो नको. ज्याचं घर त्याच्यावर चहापाण्याचा भार पडतो, आणि त्या घरात उघडपणे बोलायला बाकीचे कचरतात.

आठ ते बारा माणसं आणि दीड ते दोन तास हे जमून येतं. पंधराच्या वर गेलात की अर्धे लोक न बोलता घरी जातात. वेळ ठरवताना "आजारी माणसाला कुणाजवळ ठेवून येणार?" हा एकच प्रश्न विचारा. सकाळी अंघोळ आणि दुपारी जेवण यांत बायका अडकलेल्या असतात. आमच्याकडे चारची वेळ जमते, कारण तोवर मुलं कॉलेजातून घरी आलेली असतात. जमलं तर शेजारच्या खोलीत एक-दोन स्वयंसेवक शुभार्थींना घेऊन बसू द्या. जुनी गाणी लावायची, शेंगा सोलायला द्यायच्या. ज्यांना घरी कुणीच नाही त्यांना याच सोयीमुळे येता येतं.

खुर्च्या गोलात मांडा. टेबल नको आणि माइकही नको.

पहिल्या बैठकीत बोलायचं काय?

फार कमी. मी पहिल्यांदा बैठक घेतली तेव्हा आजाराच्या टप्प्यांवर पाऊण तास बोलले होते. लोकांनी वह्या काढून लिहून घेतलं, आभार मानले आणि गेले. कोण कशासाठी आलं होतं ते मला कळलंच नाही.

आता सुरुवातीला तीनच गोष्टी सांगते. इथलं बोलणं इथेच राहील. कुणी बोलायलाच हवं असं नाही, नुसतं बसलं तरी चालेल. आणि दुसऱ्याला "तुम्ही असं करायला हवं होतं" असं म्हणायचं नाही, "आमच्याकडे असं झालं" असं म्हणायचं. या तिसऱ्या नियमानं गटाचा सूरच बदलतो.

मग एक फेरी. नाव, घरी कोण आजारी आहे, आणि गेल्या आठवड्यातली एक गोष्ट. "तुमची समस्या सांगा" म्हटलं की माणूस आवरून सावरून, निवेदन दिल्यासारखं बोलतो. गेल्या आठवड्यातली गोष्ट विचारली की तो सांगतो, "परवा बाबांनी दुधाची पिशवी कपाटात ठेवली, वास सुटेपर्यंत कळलं नाही." समोरची बाई मान हलवते, कारण तिच्याकडे ती पिशवी वॉशिंग मशीनमध्ये सापडलेली असते. तिथून गट आपोआप चालू होतो.

कुणी रडायला लागलं तर?

रडू द्या. पाण्याचा ग्लास लगेच पुढे करू नका, पाठीवर हात ठेवायचीही घाई नको. आपल्याकडे पाणी देणं म्हणजे "आता पुरे" असाच अर्थ होतो. पाणी हाताशी ठेवलेलं असावं, तिला हवं तेव्हा ती घेईल. मिनिटभर सगळे गप्प बसले तरी काही बिघडत नाही. ते मिनिट फार लांब वाटतं, एवढंच.

एकच जण सगळा वेळ बोलत राहतो. कसं थांबवायचं?

आदरानं, पण थांबवायचंच. "काका, तुमचं हे महत्त्वाचं आहे, बैठक संपल्यावर मी तुमच्याबरोबर बसते. आता जरा यांचं ऐकू या." आणि बैठक संपल्यावर खरोखर बसायचं. बरेचदा असं दिसतं की घरात त्यांच्याशी बोलणारं कुणी उरलेलंच नाही. बायकोचं बोलणं बंद झालेलं असतं आणि मुलगा परदेशातून रविवारी फोन करतो. महिन्याभराचं बोलणं ते घेऊन आलेले असतात.

"तिन्हीसांजेला आई घरी जायचंय म्हणून दाराशी जाते." अशा प्रश्नांना मी काय उत्तर देऊ?

हा प्रश्न इतका येतो की त्यावर जरा सविस्तर सांगते. स्मृतिभ्रंशात दिवस कलला की अस्वस्थता वाढते, हे खूप घरांत दिसतं. दिवसभराचा थकवा असतो, प्रकाश कमी होतो, सावल्या लांब होतात, त्यातून भीती वाटते. त्यात आपण "अगं, हेच तुझं घर" म्हणून समजावायला जातो आणि वाद पेटतो.

अशा वेळी उत्तर माहीत असलं तरी मी आधी देत नाही. मी गटाला विचारते, "हे आणखी कुणाकडे झालंय?" चार हात वर होतात. एक जण सांगतो, आम्ही अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावतो आणि पडदे ओढून घेतो. दुसरी सांगते, मी त्यांना घेऊन खाली दत्ताच्या देवळापर्यंत जाते, परत येते आणि दारात म्हणते, "चला, पोचलो घरी." तिसऱ्याला उशिरा कळलेलं असतं की वडिलांना लघवीला जायचं असायचं आणि ते शब्द त्यांना सापडायचे नाहीत. भूक, लघवी, दुखणं हे आधी पाहा, हा धडा त्यानं आमच्या सगळ्यांना दिला.

माझ्या सासूबाईंना वाईला जायचं असायचं, माहेरच्या वाड्यात. मी "वाडा विकून चाळीस वर्षं झाली" असं सांगायचे आणि त्या दर वेळी नव्यानं रडायच्या. ते सांगणं थांबवायला मला वर्ष लागलं. मग एके दिवशी देव्हाऱ्यासाठी कापूस काढला होता, तो त्यांनी स्वतःहून हातात घेतला. बोटांना चिमूटभर भस्म लावलं आणि वाती वळायला लागल्या. माझं नाव गेलं होतं, मुलाचं नाव गेलं होतं, पण वात एकसारखी, टोकाला निमुळती होत होती. त्या दिवसापासून संध्याकाळी साडेपाचला मी कापसाची पिशवी पुढ्यात ठेवायचे. "वाईला वाती कोण वळायचं?" विचारलं की त्या अर्धा तास सांगत राहायच्या.

हे मी गटात सांगते तेव्हा कुणी घरी जाऊन कापूस आणेल असं मला वाटत नाही. एखाद्याच्या वडिलांचा हात हिशेबाच्या वहीवर चालेल, कुणाच्या आईचा मेथी निवडण्यावर. आपल्या माणसाच्या हातात काय उरलं आहे ते शोधायचं असतं, आणि ते शुभंकरालाच माहीत असतं. गट चालवणाऱ्यानं प्रश्न विचारत राहायचं.

औषधांबद्दल विचारलं तर?

औषधाचं नाव, डोस, "आमच्या डॉक्टरांनी हे दिलं, तुमच्या डॉक्टरांनी ते का दिलं" यातलं काहीही गटात ठरवायचं नाही. पण तीन गोष्टी तुम्हाला माहीत हव्यात आणि त्या सांगायला कचरू नका.

तपासणी झालेली नसेल तर आधी डॉक्टरांकडे पाठवा. बी-12 कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त यांनीही विस्मरण होतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. दुसरं, अल्झायमर्स हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार, त्यावरची नेहमीची औषधं काही जणांना काही काळ थोडी मदत करतात, पण आजार मुळापासून बरा करत नाहीत. हे नरमाईनं पण स्पष्ट सांगा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कालपर्यंत ठीक असलेला माणूस एक-दोन दिवसांत एकदम बिघडला, भलतंच बरळायला लागला किंवा गुंगीत गेला, तर "आजार वाढला" म्हणून घरी बसू नका. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवीन सुरू केलेलं औषध, असं काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

कुणी गटात तेल, काढा, "स्मृती परत आणणारा" कोर्स विकायला आलं तर?

दारातूनच परत पाठवा, मग ते ओळखीचे असोत की देणगी देणारे असोत. थकलेला माणूस कशावरही पैसे घालतो. आमच्या एका सभासदानं बायकोसाठी घेतलेल्या अशा बाटल्यांचं बिल दाखवलं, त्या पैशांत रात्रपाळीची मावशी दोन महिने ठेवता आली असती. घरात कुणाला आयुर्वेदाचं औषध सुरू असेल तर त्यावर टीका करायची नाही. फक्त "दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवा" एवढं सांगायचं.

एखादी म्हणाली, "काल मी आईवर हात उचलला," तर?

हा प्रसंग येणार हे धरून चाला. ज्या गटात असं कुणी कधीच सांगत नाही, त्या गटात अजून खरं बोलणं सुरू झालेलं नाही असं मी समजते.

माझ्यापुढे हे पहिल्यांदा आलं तेव्हा मी चुकले. बँकेत नोकरी करणारी, पन्नाशीची, एकटी मुलगी. आईनं तिसऱ्यांदा कपडे खराब केले तेव्हा तिनं आईच्या दंडावर चापट मारली होती. सांगताना ती स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होती. मी पटकन म्हणाले, "असू दे गं, होतं असं, आपण माणसंच आहोत." मला तिला हलकं करायचं होतं. पण तिनं इतक्या कष्टानं काढलेली गोष्ट मी एका वाक्यात झाकून टाकली. ती पुन्हा आली नाही. मी दोनदा फोन केला. ती छान बोलली, पण आली नाही.

आता मी अशा वेळी माफही करत नाही आणि दोषही देत नाही. आधी म्हणते, "हे सांगायला तुला किती जड गेलं असेल." मग प्रसंग विचारते. किती वाजले होते? तू त्या दिवशी जेवली होतीस का? आदल्या रात्री किती झोपलीस? घरात आणखी कोण होतं? बहुतेक वेळा उत्तरं सारखीच येतात. रात्रीचे दोन, जेवण नाही, झोप नाही, घरात कुणी नाही. मग आजच्या रात्रीबद्दल बोलायचं. पुन्हा तसा राग चढायला लागला तर काय करशील? आई पडणार नाही अशी बसलेली आहे एवढं पाहून दुसऱ्या खोलीत जायचं, गार पाण्यानं तोंड धुवायचं, आणि कुणाला फोन करायचा ते आत्ताच ठरवायचं. गटातली दोन माणसं आपला नंबर देतात, "रात्री दोनलाही कर" म्हणतात, आणि तसं म्हणणाऱ्यांनी खरोखर फोन उचललेले आहेत.

मारहाण पुन्हा पुन्हा होत असेल, इजा झाली असेल, उपाशी ठेवणं, कोंडून ठेवणं चालू असेल, तर ते गटात सुटणारं नाही. तिथे तुमच्याकडचे ते दोन फोन नंबर कामाला येतात. ज्येष्ठ नागरिकांसाठीची एल्डरलाइन 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. "इथलं इथेच राहील" या नियमाला जिवाच्या धोक्याचा अपवाद आहे, हे पहिल्याच बैठकीत सांगून ठेवलेलं असावं, म्हणजे नंतर कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही.

आणि कुणी स्वतःच्या जिवाचं बोललं तर?

"आम्ही दोघंही एकदम गेलो तर बरं" हे वाक्य गटात बरेचदा येतं. ते थकव्याचं आहे असं धरून पुढे जाऊ नका. बाजूला घेऊन थेट विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का? काही ठरवलंय का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्या माणसाला एकटं घरी पाठवायचं नाही. घरच्या कुणाला बोलवा आणि डॉक्टरांशी बोला. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा 14416 वर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. धोका आत्ताचा असेल तर 112.

बँक, सही, घराची कागदपत्रं: यावर गटात बोलायचं का?

बोलायचंच, आणि लवकर. लोक उशिरा जागे होतात. फार जणांना वाटतं, बाबांनी मुखत्यारपत्र करून दिलंय, आता चिंता नाही. पण भारतीय करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं होतं, नेमक्या त्याच दिवशी ते उपयोगाचं राहत नाही. मग कायदेशीर पालक (गार्डियन) नेमून घेण्यासाठी कुटुंबाला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं.

म्हणून निदान नवं असताना, माणसाला कळत असतानाच मृत्युपत्र, बँकेतलं संयुक्त खातं, नामनिर्देशन हे उरकावं. त्यातही त्या माणसाला काय हवंय ते त्यालाच विचारून. वर्षातून एकदा एखाद्या वकिलाला गटात बोलवा. तुम्ही स्वतः कुणाच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नका.

भावंडांचे वाद, "संस्थेत ठेवलं तर लोक काय म्हणतील" यावर कुणाची बाजू घ्यायची?

कुणाचीच नाही. गटात आलेली सून एक बाजू सांगते, नणंद आली असती तर तिनं दुसरी सांगितली असती. घरी ठेवणं म्हणजे प्रेम आणि संस्थेत ठेवणं म्हणजे टाकून देणं, हे समीकरण मात्र गटात कुणालाही मांडू देऊ नका. आमच्यात एक मुलगा आहे, दर रविवारी वृद्धाश्रमात जाऊन वडिलांची दाढी स्वतः करतो. कुणी संस्थांची यादी मागितली तर द्या, पण "ही चांगली" अशी शिफारस करू नका. काय पाहायचं ते सांगा. रात्री किती माणसं असतात, न सांगता भेटायला गेलं तर आत सोडतात का, माणसांना बांधून ठेवतात का, दुपारी चारच्या सुमारास तिथली माणसं काय करत असतात.

पुरुष गटात येत नाहीत. काय करावं?

येतात, पण "मन मोकळं करायला या" म्हटलं तर येत नाहीत. "माहितीसाठी या" म्हटलं की येतात.

एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तीन बैठका दाराजवळच्या खुर्चीत गप्प बसून होते. चौथ्या बैठकीत त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर आकडे घालून बायकोला साडी नेसवायच्या पायऱ्या लिहिल्या होत्या. पाचवी पायरी अडली होती. निऱ्या सुटतात, म्हणाले. कुणीतरी सुचवलं, गाऊन घाला, सोपं पडेल. तर म्हणाले, "गाऊन घातला की ती दाराची बेल वाजली की पडद्यामागे जाऊन उभी राहते. आयुष्यभर साडीत राहिलेली बाई आहे." मग आमच्यातल्या दोघींनी ओढणी घेतली, एकीच्या कमरेभोवती गुंडाळली आणि त्यांना निऱ्या घालायला शिकवल्या. पिन कुठे लावायची, निऱ्या आधी हातात करून मग कशा खोचायच्या, सगळं. त्यांनी कागदावर दुरुस्ती केली. त्या दिवशी जाताना ते पहिल्यांदा चहाला थांबले.

व्हॉट्सॲप ग्रुप करावा का?

करा, पण तो बैठकीच्या निरोपांसाठी आणि अडीअडचणीसाठी. शुभार्थींचे फोटो, व्हिडिओ टाकायचे नाहीत, ते हो म्हणू शकत नाहीत म्हणून. औषधी फॉरवर्ड नाहीत. ज्या दिवशी कुणाचं माणूस जातं, त्या दिवशी ग्रुपवर पन्नास वेळा हात जोडण्यापेक्षा दोघांनी जाऊन यावं.

गावातल्या गावात गुप्तता कशी राहणार? सगळे ओळखीचेच असतात.

खरं आहे. आमच्याकडे एक बाई दारापर्यंत येऊन परत गेली, कारण आत तिच्याच सोसायटीतली काकू बसली होती आणि मुलीचं लग्न ठरत होतं. "घराण्यात वेड आहे" असं कुणी बोलेल ही भीती होती. अशांना दुसऱ्या भागातल्या गटाकडे पाठवा, नाहीतर झूमवरच्या बैठकीत कॅमेरा बंद ठेवून बसू द्या. आणि बाहेर रस्त्यात भेटलं तर आपण आधी ओळख दाखवायची नाही, ती त्यांनी दाखवली तर हसायचं.

फी घ्यावी का?

नाही. चहाचा डबा ठेवा, ज्याला जे टाकायचं ते टाकू द्या.

कधी कधी दोनच माणसं येतात. गट बंद करू का?

नको. पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत, गणपतीत माणसं कमीच होतात. सप्टेंबरात वाढतात, कारण 21 सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर्स दिनाच्या आसपास वर्तमानपत्रांत लेख येतात आणि लोक कात्रण हातात घेऊन येतात. ठरलेला दिवस आणि ठरलेली वेळ चुकवू नका. एक बाई मला म्हणाली होती, मी दोन वर्षं आले नाही, पण दुसऱ्या शनिवारी चार वाजता तुम्ही बसलेल्या असता हे मला माहीत होतं.

गट चालवून मलाच थकवा येतो. साहजिक आहे का?

हो. बैठकीनंतर दोघींनी वीस मिनिटं बसून बोला, ती वीस मिनिटं बैठकीचाच भाग समजा. वर्षातून एक-दोन महिने दुसऱ्याकडे सोपवा. कुणाची गोष्ट रात्री झोपू देत नसेल तर आपल्या समुपदेशकाला फोन करा, तो नंबर तुमच्यासाठीही आहे.

शुभार्थी गेल्यावर शुभंकरानं गटात यावं का?

याला नियम नाही. काही जण तेराव्यानंतर एकदा येऊन जातात. काहींना गटाची पायरीही नकोशी होते आणि तेही समजण्यासारखं आहे. आजारी माणूस डोळ्यांदेखत थोडं थोडं करत जात असतं, घरचे वर्षानुवर्षं दुःख करत आलेले असतात, आणि शेवटी सुटल्यासारखं वाटलं की त्याची लाज वाटते. ती लाज बोलायला इतरत्र जागा नसते. म्हणून आम्ही सांगून ठेवतो, तुमची खुर्ची आहे.

ते साडीवाले गृहस्थ बायको गेल्यावर दीड महिन्यानं आले. बैठक अर्धी झाली होती. दारात उभे राहिले, हातात कापडी पिशवी होती, त्यात न फोडलेल्या डायपरची दोन पाकिटं. "याचं काय करू ते कळेना," म्हणाले, "इथे कुणाला लागत असतील." आम्ही पाकिटं घेतली, त्यांना आत बोलावलं आणि गोल थोडा मोठा केला. आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी साडेतीनलाच येऊन खुर्च्या तेच मांडतात.